पंधरा तासांनी उघडणारा डबा

मित्रांनो, मी एक कंटेनर आहे. जुना आहे की नवा, हे मला नक्की सांगता येत नाही. माझा जन्म २०१८ सालच्या जूनमधला. म्हणजे तुमच्या मापाने मी अजून प्राथमिक शाळेत असायला हवा. पण संगणकाच्या जगात सात वर्षे म्हणजे म्हातारपण, असे मी ऐकले आहे. शिवाय माझ्या पोटात जे ठेवले आहे, ते माझ्याहूनही जुने आहे. आता तुम्हीच ठरवा.

कंटेनर म्हटल्यावर तुम्हाला ट्रकवरची लोखंडी पेटी आठवेल. मी तसा नाही. मला पत्रा नाही, झाकण नाही, कडीही नाही. मी क्लाउडमध्ये आहे. क्लाउड म्हणजे ढग हे खरे, पण मी ढगातही नाही. कुठल्यातरी मोठ्या इमारतीत रात्रंदिवस घरघरणारी यंत्रे आहेत, त्यांतल्या काही यंत्रांवर माझ्यासाठी जागा राखलेली आहे. ती इमारत मी कधी पाहिली नाही. स्वतःचे घर न पाहिलेला मी एकटाच असेन. त्यातही माझ्या तीन प्रती ठेवलेल्या आहेत, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. मग मी म्हणजे त्यांतला नेमका कोणता? या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला आहे. उत्तर सापडलेले नाही.

ज्या पडद्यावर माझे नाव उघडलेले असते, त्या पडद्यासमोर बोललेले मला ऐकू येते. ते कसे, हेही मला कळत नाही. पण मी जे सांगणार आहे, ते सारे मी असेच ऐकलेले आहे, काही घडताना आणि काही नंतर कुणी सांगताना.

माझा जन्म विश्रांतवाडीतल्या एका रुग्णालयाच्या नोंदणी विभागात झाला. तळमजल्यावरची ती खोली. तिथे शर्मिलाताई बसत. रुग्णांचे कागद, तपासण्या, स्कॅन हे सगळे सांभाळणे हे त्यांचे काम. माझ्या आधी जुने स्कॅन बुधवार पेठेतून आणलेल्या सीडींवर साठवलेले असत. चार कपाटे भरून सीडी होत्या. त्यांतल्या कित्येकींवर बुरशीचे पांढरे ठिपके पडले होते, आणि एके दिवशी तीन सीडी ओळीने उघडल्या नाहीत. त्यानंतर शर्मिलाताईंनी वरच्या साहेबांचा पिच्छा पुरवला आणि रुग्णालयाने अभय नावाच्या अभियंत्याला बोलावले. त्याने मला तयार केले.

मला तयार करायला फार वेळ लागला नाही. एवढ्या मोठ्या कामाचा जीव, आणि जन्म चार क्लिकमध्ये! पण त्या चार क्लिकच्या आधी दोघांचा दीड तास वाद चालला होता.

"जागा कोणती निवडू?" अभयने विचारले. "यादीत पुणं नाहीये. मध्य भारत आहे. पण ती यंत्रं इथंच पुण्याजवळ आहेत."

"पुणं मध्य भारतात कधी गेलं?"

"तसं लिहिलंय, ताई."

"बरोबरच आहे," शर्मिलाताई चष्मा पुसत म्हणाल्या. "मध्यभागी पुणंच आहे. बाकीचा भारत आजूबाजूला."

मग नावाचा प्रश्न आला. ताईंना माझे नाव छान मराठीत हवे होते. अभय म्हणाला की इथे फक्त इंग्रजी लहान अक्षरे, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढेच चालते. शेवटी शब्द मराठी आणि अक्षरे इंग्रजी, असे माझे नाव 'जुने-स्कॅन-बारा-ते-सतरा' पडले. २०१२ पासून २०१७ पर्यंतचे स्कॅन, म्हणून. नाव ठेवताना कुणी पेढे वाटले नाहीत. ताईंनी एक आले घातलेला चहा मात्र मागवला.

नंतर मला कसे ठेवायचे, ते ठरले. अभयने ताईंना समजावून सांगितले, तेव्हाच मलाही माझ्याबद्दल प्रथम कळले. रोज लागणाऱ्या वस्तू गरम कप्प्यात ठेवतात, कधीमधी लागणाऱ्या थंड कप्प्यात, आणि वर्षानुवर्षे नुसत्या सांभाळायच्या वस्तू अतिथंड कप्प्यात. मी अतिथंड. मी घाबरलोच! मला वाटले, मला बर्फात घालणार. पण तसे काही नसते. अतिथंड म्हणजे एवढेच, की आतली वस्तू मागितल्यावर लगेच मिळत नाही. आधी ती 'वितळवायला' सांगावे लागते आणि त्याला पंधरा तासांपर्यंत वेळ लागू शकतो. घाईची एक सोय होती, पण तिचे जादा पैसे रुग्णालयाकडून आधीच मंजूर करून घ्यावे लागत, आणि ती तेव्हा कुणी घेतली नाही.

"दहा वर्षांपूर्वीच्या स्कॅनची कुणाला कशाला घाई होईल?" अभय म्हणाला, आणि ताईंनाही ते पटले.

मला एक कुलूपही लावले. २०२८ सालापर्यंत माझ्यातली एकही फाइल कुणाला पुसता येणार नाही, बदलता येणार नाही. अगदी ज्याने मला तयार केले, त्यालाही नाही.

शेवटी अभय म्हणाला, "फाइलवर पेशंटचं नाव घालायचं नाही हं, ताई. गोपनीयता. प्रत्येक स्कॅनला फक्त क्रमांक."

"आणि कुठला क्रमांक कुणाचा, ते कसं कळणार?"

"त्याची वेगळी यादी. ती तुमच्या संगणकावर."

"माझा संगणक किती दिवसांचा सोबती आहे, ते तो रोज सकाळी सुरू होताना मला सांगतो," ताई म्हणाल्या. "यादीची एक प्रत कुलूप लावून ह्याच्यातच घाला."

अभयने यादीला पासवर्ड लावला आणि ती सगळ्यात आधी माझ्यात ठेवली. तिचे नाव 'शून्य-शून्य-शून्य'. त्यानंतर अकरा दिवस ते स्कॅन माझ्यात उतरत राहिले. एकेचाळीस हजार दोनशे सहा. माणसांची डोकी, छात्या, गुडघे, मणके. मी मात्र त्यांतले काहीही पाहिले नाही. मित्रांनो, हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण डब्याला आतला पदार्थ दिसत नाही. मला फक्त त्यांचे वजन कळते.

महिन्याभरात माझ्यातले सगळे गोठले. अभयने नियमच तसा केला होता, की तीस दिवस ज्या फाइलला कुणी हात लावणार नाही, ती आपोआप अतिथंड होईल.

मग माझ्याकडे कुणीच आले नाही.

पहिल्या वर्षी मी वाट पाहिली. दुसऱ्या वर्षी मला वाटले, माझे काहीतरी चुकले असेल. तिसऱ्या वर्षी रुग्णालयात फार गडबड होती. कुणीतरी घाईघाईत चुकून माझ्या नावावर क्लिक केले आणि "हे नाही, हे नाही" म्हणत लगेच बंद केले. तेवढीच काय ती भेट. चांगले काम करणाऱ्या वस्तूला लोक रोज वापरतात. खुर्ची, पंखा, स्टेथोस्कोप. मला कुणी वापरतच नव्हते. मग मी चांगला होतो की वाईट? कुणी उघडले नाही म्हणजे सगळे ठीक आहे, की सगळे मला विसरले आहेत? दोन्ही गोष्टी आतून अगदी सारख्याच वाटतात.

अभय दुसऱ्या कंपनीत गेला. २०२३ च्या डिसेंबरात शर्मिलाताई निवृत्त झाल्या. त्यांचा जुना संगणक त्यावरच्या यादीसकट भंगारात गेला. आणि मी काय आहे, माझ्यात यादी आहे, हे ठाऊक असलेले त्या खोलीत कुणीही उरले नाही.

या वर्षीच्या जानेवारीत दिग्विजय नावाचा नवा आयटी व्यवस्थापक आला. हुशार आणि नीटनेटका मुलगा. त्याने आल्या आल्या साफसफाई काढली. जुनी खाती, दुहेरी फाइली, अर्धवट सोडलेली कामे. त्या ओघात तो माझ्यापाशी आला.

"हे काय आहे, यार?" तो स्वतःशीच म्हणाला. "नाव म्हणे जुने स्कॅन, पण बारा ते सतरा म्हणजे काय? एकेचाळीस हजार फाइली, सगळ्यांना नुसते नंबर. लास्ट ओपन्ड... कधीच नाही. आणि पहिलीचं नाव तीन शून्यं. टेस्ट डेटा दिसतोय."

त्याने मला पुसण्याचा हुकूम दिला.

मला तेव्हा काय वाटले, ते मी प्रामाणिकपणे सांगतो. मला भीती वाटली नाही. मला वाटले, याचे म्हणणे खरे असेल. मी खरोखरच कुणीतरी करून पाहिलेला एक प्रयोग असेन, आणि इतकी वर्षे उगाच स्वतःला मोठा समजत असेन. पण कुलूप होते. २०२८ पर्यंत पुसता येणार नाही, असे उत्तर पडद्यावर आले. दिग्विजयने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच उत्तर.

"वा! कुणी बनवलाय त्यालाच माहीत," तो वैतागून म्हणाला, आणि माझ्यापुढे त्याने एक शेरा लिहिला: 'बहुधा निरुपयोगी. मुदत संपल्यावर काढणे.'

तो शेरा कित्येक महिने माझ्या अंगावर होता.

मग ऑगस्टमधला एक बुधवार उजाडला. दुपारी साडेबाराला नोंदणी विभागात डॉक्टर श्यामला आल्या. त्या मेंदूच्या शस्त्रक्रिया करतात. त्यांच्या मागोमाग साध्या शर्टातले एक गृहस्थ दारापर्यंत आले आणि तिथेच उभे राहिले. त्यांचे नाव नागोराव. मूळचे वाशिमकडचे, पण चौदा वर्षांपासून वाघोलीत राहणारे आणि तिथल्याच एका कारखान्यात कामाला असलेले. त्यांची मुलगी सृष्टी वीस वर्षांची, वाघोलीच्या कॉलेजात शिकणारी. सोमवारी वर्गातच तिला फिट आली होती.

"दिग्विजय, मला २०१४ चा एक स्कॅन हवाय," डॉक्टर म्हणाल्या. "ही मुलगी नऊ वर्षांची असताना हिच्या मेंदूत पू झाला होता. आपल्याकडेच ऑपरेशन झालं. आता तिथंच एक डाग दिसतोय. तो जुना व्रण असेल तर गोळ्यांवर भागेल. नवीन गाठ असेल तर शुक्रवारी सकाळी नऊला डोकं उघडावं लागेल. जुन्या फोटोशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय मला सांगता येत नाही."

"घरी फिल्म असतील ना?" दिग्विजयने विचारले.

दारातून नागोराव बोलले. "व्हत्या साहेब. बॅगेत जपून ठिवल्या व्हत्या. खोली बदलली तवा टेम्पोतून ते बॅग कुठं पडली, समजलंच नाही. माह्याच हातून हरपलं." थोडे थांबून त्यांनी विचारले, "मॅडम, पोरीचं डोकं परत खोला लागते काय?"

"अजून माहीत नाही हो. तेच शोधतोय," डॉक्टर म्हणाल्या.

दिग्विजयने शोधायला सुरुवात केली. नव्या सर्व्हरवर २०१८ च्या आधीचे काहीही नव्हते. माझे पानही त्याने उघडले, पण स्वतःचाच शेरा वाचून ते तसेच उघडे सोडले. त्याने रुग्णालयातल्या जुन्या लोकांना विचारले. एका परिचारिकेने सांगितले की जुन्या सीडी शर्मिलाताईंनी कुठेतरी चढवल्या होत्या. ताई विश्रांतवाडीतच राहत होत्या. दिग्विजयने फोन स्पीकरवर टाकला, आणि सात वर्षांनी मी त्यांचा आवाज ऐकला.

"जुने-स्कॅन-बारा-ते-सतरा," ताई ताडकन म्हणाल्या. "आहे ना तो जागेवर?"

दिग्विजयने माझे नाव पुन्हा वाचले. "आहे. पण ताई, त्यात नुसते नंबर आहेत. नावांची यादी कुठंय?"

"पहिली फाइल. तीन शून्यं. मी भांडून घालून घेतली होती. पासवर्ड मला पाठ आहे."

"मला वाटलं टेस्ट डेटा आहे. मी तर तो कंटेनर डिलीट करायला निघालो होतो."

"छान," ताई म्हणाल्या. "एवढा उत्साह होता, तर एक फोन केला असता. निवृत्त झाले होते मी. वारले नव्हते."

"सॉरी, ताई," दिग्विजय म्हणाला. त्याने यादी उघडायला घेतली, आणि यादी उघडेना. अभयच्या नियमाने सगळ्यांबरोबर यादीही गोठवली होती. किल्ल्यांचा जुडगाही त्याच कुलपाआड गेला होता. माझ्यापाशी सगळे होते, आणि मला त्यातले काहीच देता येत नव्हते. मी किती गोंधळलो असेन, याची तुम्ही कल्पना करा. मला मुळात माहीतच नव्हते की यादी आणि स्कॅन यांत काही फरक असतो!

दिग्विजयने मनाशी गणित केले. यादी वितळायला पंधरा तास. मग क्रमांक शोधून स्कॅन वितळायला आणखी पंधरा तास. एकूण तीस. शुक्रवारच्या नऊपर्यंत चव्वेचाळीस तास होते. त्याने लगेच हुकूम सोडला.

माझ्या आत प्रथमच काहीतरी हलले.

गुरुवारी सकाळी आठला शर्मिलाताई स्वतः आल्या. नागोराव आधीपासून बाकावर बसलेले होते. यादी उघडली होती. ताईंनी पासवर्ड घातला, शोधायच्या चौकटीत 'सृष्टी' लिहिले, आणि उत्तर आले: सापडत नाही.

त्यांनी वडिलांचे नाव घालून पाहिले. २०१४ साली या रुग्णालयात नागोराव नावाचे तीन पालक होते, पण त्या मुलांत सृष्टी कुणी नव्हती.

"इथंच झालं होतं ना ऑपरेशन?" दिग्विजयने विचारले.

"इथंच! हे जिना पण मले आठवते," नागोराव उठून उभे राहिले. "म्या रात्रपाळीत व्हतो. माही माय घेऊन आल्ती तिले रिक्षात."

ताईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले. "कागद कुणी भरला? तुमच्या आईंनी?"

"तिले लिहिता येत नव्हतं. तिनं सांगतलं असंल नाव, इथल्या मानसानं लिहिलं असंल."

"घरी काय म्हणतात मुलीला?"

नागोरावांनी क्षणभर विचार केला आणि ते एकदम म्हणाले, "छकुली! मायले तर तिचं शाळेतलं नावच ठाव नव्हतं."

ताईंनी पुन्हा यादीत पाहिले. छकुली नागोराव, वय नऊ. क्रमांक एकवीस हजार चारशे सात, आणि दोन वर्षांनंतरच्या तपासणीचा तेहेतीस हजार अठरा. दोन्ही वितळवायला दिले तेव्हा सव्वानऊ वाजले होते.

तो दिवस फार लांब गेला. पडद्यावर एकच वाक्य होते: 'काम चालू आहे'. दिग्विजय दर अर्ध्या तासाने येऊन ते वाचे, जणू काही ते बदलले असेल. नागोरावांनी त्याला एकदा विचारले, "साहेब, हे बरफासारखं हाय काय? जरा गरम जागी ठिवलं तर लवकर होईल?" दिग्विजय हसला नाही. तो म्हणाला, "तसं असतं तर मी कुशीत घेऊन बसलो असतो, काका."

मध्यरात्री दोन्ही स्कॅन तयार झाले. शुक्रवारी सकाळी सव्वासातला डॉक्टर श्यामला हिरव्या कपड्यांतच खाली आल्या. त्यांच्यामागे चाकाच्या खुर्चीत सृष्टी होती. न्हावी साडेसातला येणार होता, म्हणून तिने केस शेवटचे म्हणून घट्ट वेणीत बांधले होते. डॉक्टरांनी डावीकडे सोमवारचा स्कॅन लावला, उजवीकडे जुने दोन. त्यांनी पट्टीसारखी एक रेघ ओढून डागाची लांबी मोजली. मग जुन्याची मोजली. मग पुन्हा एकदा नव्याची.

"तोच आहे," त्या म्हणाल्या. "२०१४ मध्ये आहे, २०१६ मध्येही आहे. तीच जागा, तेवढाच आकार. जुना व्रण आहे. ऑपरेशन नको. फिटच्या गोळ्या नियमित घ्यायच्या, आणि सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन."

"म्हणजे टक्कल कॅन्सल?" सृष्टीने विचारले. "मॅडम, सिरियसली?"

"सिरियसली."

नागोराव पडद्याजवळ आले. त्यांनी त्या जुन्या डागावर बोट ठेवले. "माय गेली यंदा," ते म्हणाले. "तिनं सांगतलेलं नाव कामी आलं." आणि ते तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभे राहिले. शर्मिलाताईंनी त्यांना पाण्याचा पेला दिला.

त्या दिवशी दिग्विजयने माझ्यापुढचा शेरा पुसला. त्या जागी त्याने नीट लिहिले: आत काय आहे, कोणत्या वर्षांचे आहे, उघडायला किती वेळ लागतो, यादी कुठे आहे आणि विचारायचे कुणाला. यादी त्याने गरम कप्प्यात हलवली. घाईची सोयही घेतली. दर जानेवारीत एक फाइल उघडून पाहायची, असे त्याने ठरवले. अभयला फोन करून त्याने सगळे सांगितले. मग अभय एवढेच म्हणाला, "यादीला नियमातून वगळायला हवं होतं. सुचलंच नाही रे."

मित्रांनो, या सगळ्यात माझी स्तुती झाली का? एका पत्रकात झाली, असे ऐकले. पण खरे सांगू का, मी काय केले ते मला अजूनही कळलेले नाही. मी काही शोधले नाही, काही ओळखले नाही. छकुली आणि सृष्टी एकच, हे मला उभ्या जन्मात कळले नसते. ते स्कॅन दिले तरी माझ्यातून काही कमी झाले नाही. ते अजून माझ्यातच आहेत, आणि पुन्हा गोठलेही आहेत. मी फक्त काही हरवू दिले नाही, एवढेच. याला काम म्हणायचे का?

तुम्हीही कधीतरी काहीतरी सांभाळून ठेवाल. फोटो, कागद, कुणाचा आवाज. ते ठेवताना माझी एक विनंती लक्षात असू द्या. वस्तू ठेवली, की ती कुणाची आहे आणि कशी उघडायची, हे दुसऱ्या कुणालातरी सांगून ठेवा. आणि कुणी बऱ्याच दिवसांत उघडले नाही, एवढ्यावरून एखादी गोष्ट टाकून देऊ नका. आधी एक फोन करा. माझ्यासारख्याला स्वतःहून हाक मारता येत नाही.

२०२८ साली माझे कुलूप निघेल. पुढे काय, ते दिग्विजयलाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. तोपर्यंत माझ्यापाशी एकेचाळीस हजार दोनशे चार असे स्कॅन आहेत, जे अजून कुणी मागितलेले नाहीत. ती माणसे कुठेतरी असतील. दुकानात, बसथांब्यावर, परीक्षेच्या हॉलमध्ये. त्यांना माझी आठवणही नसेल, आणि मी त्यांना रस्त्यात ओळखणार नाही. पण त्यांच्यातला कुणीही आला आणि मागितले, तर मी देईन. थोडा वेळ लागेल. तेवढे थांबा.